उसना समुद्र : अतामीची विश्रामगृहे आणि ‘टोकियो स्टोरी’

मराठी वाचकाच्या मनात जपानचे जे चित्र आहे, ते बव्हंशी शांततेचे आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ने आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्या देशाची पहिली ओळख करून दिली. पुढे शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी हायकू हा काव्यप्रकार मराठीत रुजवला, आणि तीन ओळींत मावणारे तळे, पाऊस, पान, पाखरू यांच्याशी आपण जपानची कायमची सांगड घालून टाकली. आता परदेशप्रवास आपल्या घराघरांत पोहोचला आहे आणि तीच शांतता प्रवासी कंपन्यांच्या गुळगुळीत पत्रकांतून विक्रीला आली आहे. समुद्रकाठचे एक महागडे विश्रामगृह, गवती चटयांची खोली, उष्ण झऱ्याचे स्नानकुंड, खिडकीभर निळे पाणी. आणि खाली, हे सारे निसर्गात व परंपरेत मुरलेले आहे, असे आश्वासन.

या आश्वासनाची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. थकलेल्या माणसाला विसावा हवा असतो आणि तो सुंदर जागी मिळाला तर त्यात गैर काहीच नाही. परंतु निसर्ग आणि परंपरा या दोन गोष्टी पाहुण्याच्या खिडकीत मांडून ठेवता येतात का, आणि मांडल्या तर त्यांचे मोल कोण चुकते करते, हा प्रश्न साहित्याच्या आणि कलेच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. सुदैवाने तो जपानी लेखक-कलावंतांनीच विचारून ठेवला आहे. त्यासाठी एकाच गावाकडे पाहिले तरी पुरे. ते गाव म्हणजे अतामी.

अतामी हे इझू द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, सागामी उपसागराच्या काठी, डोंगराच्या तीव्र उतारावर वसलेले गाव. टोकियोपासून सुमारे शंभर किलोमीटर. नावाचा अर्थच ‘तप्त समुद्र’. १६०४ मध्ये तोकुगावा इएयासू येथे सात दिवस स्नानासाठी येऊन राहिला होता, आणि पुढे शोगुनांसाठी येथले गरम पाणी पिंपांत भरून एदोपर्यंत, म्हणजे आजच्या टोकियोपर्यंत, नेले जात असे. १९२५ मध्ये येथे रेल्वेस्थानक झाले; १९३४ मध्ये तान्नाचा बोगदा खुला झाल्यावर गाव मुख्य लोहमार्गावर आले; १९६४ मध्ये शिंकानसेन धावू लागली आणि राजधानी पाऊण तासाच्या अंतरावर आली. नवविवाहितांचे, मौजेखातर सहली काढणाऱ्या कंपन्यांचे आणि निवांतपणा शोधणाऱ्या लेखकांचे असे हे तिहेरी गाव आहे. जुनिचिरो तानिझाकी येथे अनेक वर्षे राहिला. किउनकाकू नावाच्या, एका धनिकाने १९१९ मध्ये बांधलेल्या आणि १९४७ पासून विश्रामगृह झालेल्या वास्तूत ओसामू दाझाई, नाओया शिगा यांच्यासारखे लेखक उतरत असत. आज ती वास्तू नगरपालिकेची असून सर्वांना पाहण्यासाठी खुली आहे.

जपानी परंपरेतील विश्रामगृहाला ‘ऱ्योकान’ म्हणतात. आपल्याकडच्या धर्मशाळेशी किंवा हॉटेलाशी त्याची तुलना होऊ शकत नाही. पाहुणा जोडे काढून आत येतो. ‘युकाता’ हा सुती सैल झगा घालतो. प्रथम स्नान, मग जेवण. जेवण ऋतूनुसार ठरलेले, लहान लहान भांड्यांतून क्रमाने येणारे. खोलीत पलंग नसतो. पाहुणा जेवणात किंवा स्नानात गुंतलेला असताना बैठे मेज बाजूला सरते, कपाटातून गाद्या निघतात, अंथरुणे घातली जातात. सकाळी ती तशीच नाहीशी होतात. हे करणाऱ्या सेविकांना ‘नाकाइ’ म्हणतात, आणि त्या सर्वांवर देखरेख करणारी मालकीणबाई म्हणजे ‘ओकामी’. या व्यवस्थेचे सौंदर्य असे की, श्रम कोठे दिसत नाहीत. दिसते ते फक्त झालेले काम. आणि नेमका येथेच आपला प्रश्न उभा राहतो. कारण जे दिसत नाही ते नाही असे मानण्याची सवय पाहुण्याला फार लवकर लागते.

जपानी उद्यानकलेत ‘शाक्केइ’ अशी एक संज्ञा आहे. तिचा शब्दशः अर्थ ‘उसने घेतलेले दृश्य’. आपल्या बागेच्या कुंपणापलीकडचा डोंगर किंवा समुद्र बागेच्या रचनेत असा ओवून घ्यायचा की तो बागेचाच भाग वाटावा. मला ही संज्ञा अतिशय प्रामाणिक वाटते. डोंगर माझा आहे असे ती म्हणत नाही. मी तो उसना घेतला आहे असे म्हणते. आपल्या घरांत उसनवारीचा एक अलिखित कायदा होता. शेजारून वाटीभर साखर आणली तर वाटी रिकामी परत करायची नाही. उसने घेण्यात नाते मान्य केलेले असते, आणि परतफेडही. विश्रामगृहांनी समुद्र उसना घेतला. परतफेडीचे काय, हा या लेखाचा विषय आहे.

अतामीत ही उसनवारी वास्तुकलेच्या उंचीवर नेणारी दोन कामे शेजारी शेजारी उभी आहेत. पहिले ब्रूनो टाउट या जर्मन वास्तुविशारदाचे. नाझी राजवटीपासून दूर जाण्यासाठी तो १९३३ मध्ये जपानला आला. क्योतोच्या कात्सुरा प्रासादाची साधी, संयत रचना त्याने जगापुढे वाखाणली आणि निक्कोच्या तोशोगूची झगमगती सजावट नापसंत केली. ताकासाकीजवळच्या एका मंदिराच्या आवारात, दोन खोल्यांच्या लहानशा घरात तो राहत होता. अशा निर्वासिताकडे ह्यूगा रिहेइ या व्यापाऱ्याने अतामीतील आपल्या बंगल्याचा तळमजला सजवण्याचे काम सोपवले, आणि ते १९३६ मध्ये पुरे झाले. उतारावर, वरच्या हिरवळीच्या पोटात समुद्राकडे तोंड करून ओळीने तीन दालने आहेत : एक बांबूच्या कामाचे आणि टांगलेल्या दिव्यांच्या माळांचे, एक मद्यासारख्या लाल रेशमी भिंतींचे, एक जपानी धर्तीचे. दालनांतच पायऱ्या आहेत. त्यांवर बसून समुद्र पाहायचा. त्याच वर्षी टाउट तुर्कस्तानला गेला आणि १९३८ मध्ये इस्तंबूलमध्ये वारला. स्वतः आश्रय उसना घेऊन राहिलेल्या माणसाने दुसऱ्याच्या समुद्रदर्शनासाठी केलेले हे काम आहे, हे ध्यानात ठेवून पाहिले म्हणजे त्यातला संयम अधिक कळतो.

दुसरे काम त्याच्या शेजारचे, केंगो कुमा यांचे १९९५ मधील ‘वॉटर/ग्लास’. एका कंपनीचे अतिथिगृह म्हणून ते बांधले गेले. पुढे त्याचे अवघ्या चार खोल्यांचे महागडे विश्रामगृह झाले. वरच्या मजल्यावर उथळ पाण्याचा विस्तीर्ण थर आहे, त्यावर काचेचे दालन आहे, आणि त्या पाण्याची कड आणि दूरवरच्या समुद्राची रेषा नजरेला एकच भासते. शेजारी टाउटचे काम आहे हे कुमा यांना जागा पाहताना कळले आणि त्याच्या विचारांचा आपल्या रचनेवर परिणाम झाला, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. जपानी घराच्या ओसरीने, ‘एन्गावा’ने, आत आणि बाहेर यांच्यामध्ये जो दुवा साधलेला असतो, तोच येथे पाण्याने साधला आहे. कल्पना म्हणून हे काम असामान्य आहे, यात शंका नाही. परंतु समीक्षकाने हेही नोंदवले पाहिजे की, त्या पाण्याच्या कडेने आणि समुद्राच्या रेषेने एकमेकींना भेटताना मधली जागा गिळून टाकली आहे. मध्ये डोंगरउतार आहे, किनाऱ्यावरची वस्ती आहे. दृश्य निर्मळ होते ते ती वस्ती वगळून. टाउटच्या पायऱ्यांवर बसलेला माणूस आपण खिडकीतून पाहतो आहोत हे विसरत नाही. काचेच्या दालनातला माणूस समुद्र आपलाच आहे असे समजू शकतो. उसने घेतल्याची जाणीव पुसली गेली की शाक्केइचे सौंदर्य उरते, तिची नीती उरत नाही.

परंपरेच्या बाबतीतही अशीच एक गंमत तानिझाकीच्या नावावर सांगितली जाते. ‘इनएइ राइसान’ या १९३३ च्या प्रसिद्ध निबंधात त्याने जपानी घरातल्या सावल्यांची, लाखेच्या भांड्यांतल्या काळोखाची, मंद उजेडातल्या कोनाड्यांची स्तुती केली. त्या निबंधाच्या इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या टिपणात त्याच्या पत्नीने सांगितलेली आठवण आहे. नवे घर बांधायचे ठरले तेव्हा वास्तुविशारद उत्साहाने म्हणाला, मी आपला निबंध वाचला आहे, आपल्याला काय हवे ते मला नेमके ठाऊक आहे. त्यावर तानिझाकीने उत्तर दिले की, छे, तसल्या घरात मला मुळीच राहता येणार नाही. हा विनोद लेखकाच्या ढोंगाचा नाही. सावली ज्या जीवनक्रमातून पडली होती तो क्रम गेला, आता सावली मागवून पाडली तर ती सजावट होईल, हे त्याला कळत होते. आजच्या विश्रामगृहांतली पुष्कळशी ‘परंपरा’ अशी मागवलेली सावली आहे.

अतामीच्या साहित्याने मात्र या गावाकडे पैशाच्या उजेडात फार पूर्वीच पाहिले. ओझाकी कोयो याची ‘कोंजिकी याशा’ ही कादंबरी १८९७ पासून ‘योमिउरी’ वृत्तपत्रात क्रमशः येऊ लागली आणि १९०३ मध्ये लेखक वारला तेव्हा अपुरीच राहिली होती. ‘कोंजिकी’ म्हणजे सोन्याच्या रंगाचा, आणि ‘याशा’ हा दुसरा कोणी नसून आपला यक्षच. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे तिकडे जाऊन पोहोचलेला. कानइची या गरीब विद्यार्थ्याशी जिचे लग्न ठरलेले आहे ती मिया, हिऱ्याच्या अंगठीचा दिमाख मिरवणाऱ्या एका श्रीमंताला वरण्यास तयार होते. अतामीच्या किनाऱ्यावर, १७ जानेवारीच्या चांदण्या रात्री दोघांची शेवटची भेट होते. पायाशी विनवणाऱ्या मियेला तो लाथाडतो आणि निघून जातो. पुढे तोच सूड म्हणून सावकार होतो, म्हणजे स्वतःच यक्ष होतो. आज त्या किनाऱ्यावर या प्रसंगाचा पुतळा आहे, पर्यटक त्यापाशी छायाचित्रे काढतात, आणि हिंसेचे समर्थन करण्याचा यात हेतू नाही अशी पाटीही तेथे लावलेली आहे. ज्या कथेने पैशाने विकत घेतलेल्या सुखाचा धिक्कार केला, तीच कथा त्या गावाची पर्यटनस्थळ म्हणून जाहिरात बनली. यक्षाने येथे कोणावर मात केली, हे वाचकांनीच ठरवावे.

त्याच द्वीपकल्पावरची दुसरी कथा, यासुनारी कावाबाताची ‘इझूची नर्तकी’ (१९२६), अधिक हळुवार आहे. एक विद्यार्थी पायी प्रवास करताना फिरत्या कलावंतांच्या मेळ्याबरोबर चालू लागतो. मुक्कामाच्या गावी तो बऱ्यापैकी विश्रामगृहात उतरतो, मेळा स्वस्त उतारशाळेत. पावसाच्या रात्री पलीकडच्या घरातल्या मेजवानीतून नर्तकीच्या ढोलाचा आवाज त्याला ऐकू येत राहतो. आणि वाटेवरच्या गावांच्या वेशीवर पाट्या असतात : भिकारी आणि फिरते कलावंत यांना मज्जाव. विश्रामगृहाची करमणूक करणाऱ्यांना गावात जागा नाही, एवढी एकच गोष्ट लेखक सांगतो आणि पुढे चालू लागतो. आपल्याकडे ज्यांनी तमासगिरांचे, गोंधळ्यांचे जिणे पाहिले आहे त्यांना या पाटीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

येथवर जे पाहिले त्यात पाहुणा आणि यजमान परके होते. यासुजिरो ओझूने १९५३ च्या ‘तोक्यो मोनोगातारी’ या चित्रपटात, ज्याला आपण ‘टोकियो स्टोरी’ म्हणून ओळखतो, हा प्रश्न घरात आणला. ओनोमिची गावातून शुकिची आणि तोमी हे वृद्ध जोडपे टोकियोत मुलांकडे येते. थोरला डॉक्टर, ऐन सहलीच्या दिवशी रोगी बघायला जावे लागते. मुलगी शिगे केशभूषेचे दुकान चालवते. गिऱ्हाइकाने ही मंडळी कोण असे विचारताच, गावाकडचे ओळखीचे लोक, असे सांगून मोकळी होते. आईवडिलांचे काय करायचे हा पेच पडल्यावर तिला एक तोड सुचते : भाऊ-बहिणीने पैसे घालून त्यांना अतामीला पाठवावे. येथे ठेवून घेण्यापेक्षा ते परवडेल, आणि गरम झरे आहेत, समुद्र आहे.

दुपारी दोघे खोलीत बसून समुद्राकडे पाहतात आणि खरोखर सुखावतात. ओझू त्यांचे सुख लपवत नाही. मग रात्र होते. शेजारच्या खोल्यांत फासे वाजतात, मद्याची मागणी होते, खाली रस्त्यावर वाद्ये घेतलेले गवई उभे राहतात. दोन म्हातारी माणसे अंथरुणावर कूस बदलत राहतात. त्यांच्या दाराबाहेर शेजारी शेजारी ठेवलेले सपातांचे दोन जोड पडद्यावर दिसतात आणि त्या एका दृश्यात सारी रात्र मावते. सकाळी खोल्या झाडणाऱ्या सेविका आदल्या रात्रीच्या नव्या जोडप्याची थट्टा करत असतात. युकाता घातलेले दोघे समुद्राच्या बांधावर जाऊन बसतात. ही जागा तरुणांची आहे असे म्हातारा म्हणतो, आणि आता गावी परतावे असे दोघांचे ठरते. उठताना तोमीला क्षणभर चक्कर येते. कथेतला मृत्यू येथे, या नितांत सुंदर समुद्रासमोर, प्रथम डोकावतो. एप्रिल १९५० मधील मोठ्या आगीत जळून पुन्हा उभे राहिलेले हे गाव त्या वेळी जोमात होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रात्रीचा गोंगाटही खोटा वाटत नाही. समुद्र तोच आहे, झरे तेच आहेत, ऱ्योकानचे सारे उपचार तेच आहेत. उणे आहे ते एकच : ज्यांनी पाठवले ते बरोबर नाहीत.

मी हा चित्रपट प्रथम आमच्या मंडळाच्या दिवाणखान्यात, पंधरावीस श्रोत्यांत बसून पाहिला. बहुतेकांची घरे तीन-चार पिढ्यांपूर्वी महाराष्ट्र सोडून इकडे स्थिरावलेली. आता मुले बंगळूरला, पुण्याला, काहींची अमेरिकेत. चित्रपट संपल्यावर चर्चा व्हायची होती, ती झाली नाही. एक वृद्ध बाई तेवढ्या म्हणाल्या, “आमच्या पंचाहत्तरीला मुलांनी आम्हांला अशाच एका ठिकाणी पाठवलं होतं. सगळं होतं हो तिथे. दोन दिवस आम्ही एकमेकांना मुलांचे लहानपणचे किस्से सांगत बसलो.” आणि थोड्या वेळाने, “पण मुलं वाईट नाहीत.” ओझूवर मी पुष्कळ समीक्षा वाचली आहे. कॅमेरा जमिनीलगत, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठेवण्याची त्याची पद्धत, रिकाम्या ओसऱ्यांची आणि धुराड्यांची दृश्ये, हे सारे योग्यच आहे. परंतु “पण मुलं वाईट नाहीत” यापेक्षा चित्रपटाचे नेमके आकलन माझ्या वाचनात आलेले नाही. ओझूने कोणालाही खलपात्र केलेले नाही. शिगेने पैसे मोडले. ती कंजूष असली तरी निर्दय नाही. तिने वेळेच्या जागी समुद्र दिला, एवढेच. आणि समुद्र कितीही मोठा असला तरी तेवढी जागा भरत नाही.

अतामीहून लवकर परतलेले आईवडील शिगेला त्या दिवशी अडचणीचे होतात, कारण संध्याकाळी तिच्या घरी व्यावसायिकांची बैठक असते. उद्यानात बसून, रात्र कोठे काढावी याचा विचार करताना शुकिची हसत म्हणतो की, अखेर आपण बिनमुक्कामाचे झालो. त्या जपानी शब्दातला ‘यादो’ म्हणजे मुक्काम, आणि उतारगृहही. कालच विश्रामगृहात राहून आलेला माणूस आज हे म्हणतो, यातली धार अनुवादात थोडी बोथट होते. तोमी त्या रात्री नोरिकोकडे जाते. नोरिको ही युद्धात गेलेल्या मुलाची विधवा, नोकरी करून एका खोलीत राहणारी. सेत्सुको हाराने ही भूमिका केली आहे. यापूर्वी एकदा तिने रजा काढून सासूसासऱ्यांना शहर दाखवले होते, आणि घरी आणल्यावर शेजारणीकडे धावली होती : साके उसनी, तिची सुरई उसनी, पेलेही उसने. मग ते जेवत असताना ती बाजूला बसून त्यांना पंख्याने वारा घालते. अतामीच्या विश्रामगृहात समुद्र उसना होता, पण तो उसना आहे हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. नोरिकोच्या खोलीत साके उसनी आहे आणि दार वाजवून मागितलेली आहे. त्यामुळेच ती पाहुणचार ठरते. त्या रात्री तोमीसाठी नोरिको आपल्या दिवंगत नवऱ्याची गादी अंथरते, सासूचे खांदे चेपते. मुलाच्या अंथरुणावर निजायला मिळाले याचा म्हातारीला केवढा आनंद होतो! हेच काम विश्रामगृहात सेविकांनी तिच्या नकळत, तिच्याहून सफाईने केले होते.

येथे एक आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्त आहे. नोरिकोसारखी सून हा आदर्श झाला. प्रत्येक घरात ती असणार कोठून? आणि ज्या स्त्रीने नोकरी सांभाळून सासूसासऱ्यांची सेवा केली तिचेच गोडवे गात राहणे म्हणजे शिगेसारख्या कष्टकरी बाईवर अन्याय नव्हे काय? ओझूला हे ठाऊक होते. म्हणूनच अखेरीस सासरा नोरिकोची स्तुती करतो तेव्हा ती ती नाकारते. मीही स्वार्थी आहे, नवऱ्याची आठवण मला रोज येत नाही, असे कबूल करते. पाहुणचार हा संतांचा गुण नाही. तो उसनवारीसारखाच, मर्यादित माणसांनी एकमेकांशी चालवलेला व्यवहार आहे. फक्त त्यात तोंड चुकवून चालत नाही.

ज्या निसर्गाला खिडकीत बसवले त्याची परतफेड न केल्यास काय होते, हे अतामीने ३ जुलै २०२१ रोजी पाहिले. प्रदीर्घ पावसानंतर इझुसान भागात, आइझोमे नदीच्या उगमाकडील उतारावर वर्षानुवर्षे टाकलेला मातीचा भराव सुटला. परवानगीपेक्षा कितीतरी अधिक माती तेथे ओतलेली होती. सुमारे ५५ हजार घनमीटर चिखल दोन किलोमीटर खाली, समुद्राकडे धावत गेला आणि २८ माणसे दगावली. इझुसान म्हणजे तेच स्थळ, जेथे ‘हाशिरी-यू’ हा जपानमधील फार जुन्या उष्ण झऱ्यांपैकी एक गुहेतून वाहतो आणि जेथे तानिझाकीने उतारवयात घर केले होते. या दुर्घटनेचा दोष विश्रामगृहांवर टाकणे अन्यायाचे होईल. भराव टाकणारे वेगळे आणि दुर्लक्ष करणारेही वेगळे. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की, खिडकी समुद्राकडे असली तरी घर डोंगरावर असते. पाहुण्याची पाठ ज्या बाजूला असते तीही निसर्गाचीच बाजू होय.

मग विश्रामगृहे वाईट म्हणायची का? तसे म्हटले तर खुद्द ओझूच साक्षीला उभा राहील. ‘टोकियो स्टोरी’ची पटकथा त्याने आणि कोगो नोदा यांनी चिगासाकी येथील, १८९९ मध्ये सुरू झालेल्या समुद्रकाठच्या एका जुन्या विश्रामगृहात बसून लिहिली. चिगासाकीकान हे त्याचे नाव. ओझू तेथे वर्षानुवर्षे, महिनोन्‌महिने मुक्काम करी; खोलीतच काहीबाही शिजवून भेटीला येणाऱ्यांना खाऊ घाली. म्हणजे पाहुणाच यजमान होई. अतामीच्या त्या निद्राहीन रात्रीचे शब्द अशाच एका ऱ्योकानच्या चटईवर लिहिले गेले. त्या घराने त्याला केवळ समुद्र दिला नाही. त्याच्या सवयी ओळखल्या, त्याच्या कामाला जागा दिली आणि त्याची वेळ आपली मानली. परंपरा म्हणतात ती ही. ती पाहुण्याच्या करमणुकीसाठी नसते. ती यजमानाला बांधून घेते, आणि चांगल्या पाहुण्यालाही.

आपल्या भाषेत ‘अतिथी’ या शब्दाची व्युत्पत्ती परंपरेने अशी सांगितली जाते की, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. पैसे भरून, तारीख नोंदवून येणाऱ्याला या अर्थाने अतिथी म्हणता येत नाही. त्याला सेवा मिळावी, उत्तम मिळावी, त्यात कमीपणा नाही. परंतु घरातल्या वृद्धांना जेव्हा आपण अशा ठिकाणी धाडतो तेव्हा आपण त्यांना काय देतो आहोत आणि काय देणे टाळतो आहोत, हे अतामीच्या बांधावर बसलेल्या त्या दोघांकडे पाहून एकदा स्वतःला विचारावे. त्यांना समुद्र आवडला होता. परत आल्यावर मुलीने विचारले, तेव्हा दोघांनी छान होते म्हणूनच सांगितले.